ऑइल सीलचे वकीलपत्र

१२ जानेवारी १९८६, रविवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. वेळ इतकी नेमकी ठाऊक असण्याचे कारण असे, की दारावरची थाप ऐकून मी प्रथम घड्याळ पाहिले; इतक्या सकाळी दाराशी येणारी बातमी सहसा चांगली नसते. दार उघडले, तर समोर माझे घरमालक उभे होते. अंगात कोर्टाचा काळा कोट, गळ्याशी पांढरे बँड, आणि खाली निळ्या रेघांचा पायजमा.

"इंजिनिअरबाई, साक्षीला यायचं आहे," ते म्हणाले. "सुनावणीची वेळ झाली. चहा तिथंच मिळेल."

"कसली सुनावणी, काका?"

"टर्बोची. तेल पितोय आणि धूर ओकतोय. तुम्ही मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला ना? मग तुम्ही तज्ज्ञ साक्षीदार. चला की!"

एरवी ते मला 'अगं' आणि 'तू' म्हणत. सुनावणी सुरू झाली की 'तुम्ही' होई आणि ती संपली की चहाच्या कपाबरोबर पुन्हा 'तू'. त्यांच्या घराच्या मागच्या अंगाची एक खोली मी भाड्याने घेतली होती. धारवाडातून केलगेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे ते घर. पुढे कचेरी, मध्ये संसार आणि बाजूला पत्र्याची शेड. शेडमध्ये त्यांची मोटार राहत असे. 'राहत असे' हे शब्द मी विचारपूर्वक वापरले आहेत. तिच्यासाठी तिथे पंखा होता. माझ्या खोलीत नव्हता.

धारवाडच्या कोर्टात त्यांची वकिली बरीच जुनी होती, पण फार चालत नव्हती. याचे कारण शोधायला लांब जावे लागत नसे. "समोरच्याचंही चुकलं नाही हो," हे वाक्य ते भर कोर्टात, आपल्याच अशिलाच्या देखत बोलून जात. न्यायाधीशांचा त्यांच्यावर विश्वास होता. अशील मात्र घाबरून असत. परिणामी त्यांच्याकडे कामे बेताची आणि मोटारीसाठी वेळ मुबलक. रिक्षावाले त्यांना 'होगे वकीलरु' म्हणत. होगे म्हणजे कन्नडमध्ये धूर. हे नाव त्यांच्या कानावर गेले होते आणि त्यांना त्याचा राग नव्हता. "उगीच नाही म्हणत," ते सांगत, "पुरावा आहे त्यांच्याकडे. मागं सोडत जातो मीच."

भाषांची त्यांनी काटेकोर वाटणी केली होती. माणसांशी मराठी, न्यायाधीशांशी इंग्रजी आणि मोटारीशी कन्नड. "एनातले निनग?" म्हणजे 'काय झालं गं तुला?' असे ते बॉनेट उघडताना इतक्या हळुवारपणे विचारत, की त्यांच्या पत्नी स्वयंपाकघरातून आवाज देत, "मला ताप आला तेव्हा विचारलंत का हो असं कधी?"

"तुला सांगता येतं की!" ते तिथूनच उत्तर देत.

या पत्नीला सारी गल्ली अक्का म्हणे, म्हणून मीही म्हणत असे. नवऱ्याच्या मोटारीबद्दल त्यांची एकच तक्रार होती: गच्चीवर वाळत घातलेल्या सांडग्यांना तेलाचा वास लागतो. तक्रार रास्त होती. मी ते सांडगे खाल्ले आहेत.

टर्बो या घरात कसा आला, ही गोष्ट ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत. एकदा हुबळीहून परतताना नवलूरच्या चढावर त्यांची मोटार दमली. मागून माणसांनी गच्च भरलेली, टपावर शेळ्या बांधलेली बस आली आणि त्यांना मागे टाकून गेली. तेवढ्यावर भागते तर ठीक होते. पण कंडक्टरने दारातून वाकून दोन्ही हातांनी 'या, या' अशी खूण केली.

"त्या 'या, या'नं माझं आयुष्य बदललं," काका म्हणत. "शेळ्यासुद्धा बघत होत्या गं!"

त्यानंतर मडगावच्या एका भंगारवाल्याकडे त्यांना टर्बो सापडला. बंदरावर उतरलेल्या कुठल्याशा जपानी मोटारीचा तो अवशेष होता. आकाराने गोगलगाय, वजनाने पाटा. गोणपाटात गुंडाळून, रेल्वेने, मांडीवर घेऊन ते धारवाडला आले. तिकीट तपासनीसाने विचारले, हे काय आहे? यांनी सांगितले, पाहुणा आहे.

ज्यांना या यंत्राची ओळख नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर वाया जातो. टर्बो त्या धुराने एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावर दुसरे चक्र असते. ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक, म्हणून ताकद अधिक. तो दांडा इतक्या प्रचंड वेगाने फिरतो, की धातूवर धातू टेकला तर क्षणात सारे संपेल. म्हणून तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत ठेवलेला असतो. ते तेल वरून दाबाने येते आणि काम झाले की खालच्या जाड नळीतून इंजिनाच्या पोटात परत पडते. आमच्या टर्बोतले तेल मात्र पोटात परत जाण्याऐवजी धुराच्या बाजूला झिरपत होते आणि जळत होते. मोटारीच्या मागे निळा पडदा उभा राहत असे. मागून येणाऱ्या सायकलस्वाराला मोटार दिसत नसे आणि काकांना सायकलस्वार.

त्या रविवारी शेडमध्ये जाण्यात माझा स्वार्थ होता, आणि तो साधा नव्हता. हुबळीच्या कॉलेजात, आमच्या वर्गात, मी एकटीच मुलगी होते. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आमच्या मार्गदर्शक सरांनी मला गिअरबॉक्सचे ड्रॉइंग सुचवले होते. "तुझं अक्षर छान आहे," असे त्याचे कारण त्यांनी दिले. पुण्याच्या एका इंजिन कारखान्याची माणसे मुलाखती घेऊन गेली होती. त्यांच्या चाचणी विभागात जागा होती. मला ती हवी होती आणि तीच हवी होती. पण त्यांची अट स्पष्ट होती: चालत्या इंजिनावर स्वतः मोजमाप करून दोष शोधलेला दाखवा, नाहीतर ड्रॉइंग हॉलमध्ये टेबल मिळेल. मी सरांशी वाद घातला. अखेर ते म्हणाले, "मार्चअखेरपर्यंत कारण आण आणि आकडा आण. दोन्ही. एक जरी कमी पडलं, तरी ड्रॉइंग बोर्ड." साऱ्या धारवाडात टर्बो बसवलेली दुसरी मोटार मला ठाऊक नव्हती. ही एक होती आणि ती माझ्या खोलीपासून दहा पावलांवर धूर ओकत होती.

सुनावणीची रीत अशी. काका लाकडी स्टुलावर बसत. अक्का चहाचे कप घेऊन दाराशी उभ्या राहत. फिर्यादी पक्षातर्फे बसण्णा मिस्त्री येत. हुबळीला कोप्पीकर रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचे गॅरेज होते, आणि दर रविवारी पहिल्या बसने ते केवळ या खटल्यासाठी येत. मग काका खड्या आवाजात पुकारा करत, "ऑइल सील, हाजीर हो!"

"सील हाळागेद री, साहेब," बसण्णा लगेच म्हणत. सील खराब झालंय, हा त्यांचा पहिला आणि शेवटचा मुद्दा.

"पुरावा?"

"तेल गळतंय की."

"तेल गळणं हा गुन्हा झाला, बसण्णा. गुन्हेगार कोण ते सांग. चोरी झाली म्हणून कुणी कुलपाला कोठडीत टाकतं का?"

"मग काढून टाका की सील. बघू या, तेल कोण अडवतंय ते."

"याला दोनदा फाशी दिलीत तुम्ही," काका उसळत. "पहिलं सील बदललं, धूर थांबला? दुसरं बदललं, थांबला? दोघं गेले आणि गुन्हा चालूच आहे. आता तिसऱ्याचं वकीलपत्र मी घेतलंय. याच्या केसाला धक्का लागू देणार नाही."

"त्याला केस कुठायत?" अक्का विचारत.

गंमत बाजूला ठेवली, तर त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते, आणि मी साक्षीत तसे सांगितले. टर्बोतले सील हे नळाच्या वायसरसारखे रबर नसते. ती लोखंडाची बारीक कडी असते. तेल अडवणे हे तिचे खरे काम नव्हेच. दाराला लावलेल्या पडद्यासारखी ती असते. पडद्याने वारा थोपतो, घुसलेली माणसे थोपत नाहीत. तेल आपल्या वजनाने खाली निघून गेले पाहिजे. ते तिथे तुंबले, तर नवी कडीही गळणार आणि जुनीही. म्हणजे प्रश्न 'सील का गळते' हा नसून 'तेल का तुंबते' हा होता.

"नोंद घ्या!" काका शेडच्या पत्र्याला उद्देशून म्हणाले. "तज्ज्ञ साक्षीदार आमच्या बाजूनं आहेत."

"तुम्ही तिला घर दिलंय की, म्हणून," बसण्णा पुटपुटले.

सुनावणीत एक शब्द निषिद्ध होता: 'बहुतेक'. जो तो शब्द उच्चारील, त्याला त्या दिवशीचा चहा बिनसाखरेचा. काकांचे म्हणणे असे, की या एका शब्दाने जितके निरपराध लोक तुरुंगात गेले आहेत, तितके खोट्या साक्षीने गेले नसतील. प्रयोगशाळेत चार वर्षे काढूनही हा शब्द माझ्या तोंडी किती रुळला आहे, हे मला त्या शेडमध्ये कळले. फेब्रुवारीभर मी कडू चहा प्याले. बसण्णा मधुमेही असल्याने ते हा शब्द निर्धास्तपणे वापरत.

एकेक आरोपी पुढे आला. प्रथम तेल खाली नेणारी नळी. ती अरुंद असेल, कुठे मुडपली असेल, असा माझा संशय होता. आम्ही ती सोडवली, नरसाळ्याने गरम तेल ओतले. तेल विनातक्रार वाहून गेले. मग वरून येणाऱ्या तेलाचा दाब. दाबमापी लावून पाहिला. तो जितका हवा तितकाच होता. मग हवेची जाळी. तीही स्वच्छ. दर सुटकेनंतर काका तो भाग स्वतःच्या हाताने पुसत, जागेवर बसवत आणि त्याला म्हणत, "तप्प तिळकोबॅड." म्हणजे गैरसमज करून घेऊ नकोस. एकदा मी विचारले, "काका, लोखंडाला काय कळणार?"

"त्याला नाही कळलं तरी चालेल," ते म्हणाले. "मला सवय राहते. कोर्टात सुटलेल्या माणसाला असं कुणी म्हणत नाही गं. नुसतं 'जा' म्हणतात."

माझ्या अनुभवात हे त्यांचे सर्वात गंभीर वाक्य. बाकी वेळ ते खुशीत असत. खटला लांबला की त्यांची कळी खुलत असे. माझी तारीख मात्र जवळ येत होती.

मार्चच्या तिसऱ्या रविवारी आरोपी संपले. सगळे निर्दोष सुटले आणि धूर होता तिथेच होता. मी त्यांना स्पष्टच सांगितले, "काका, मला पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा आहे. सील तिसऱ्यांदा बदलू, मोजमाप करू आणि मी लिहीन की सील हेच कारण. सरांना तेवढं चालेल."

"आणि धूर निघाला तर?"

"सर काही धारवाडला येऊन बघणार नाहीत."

ते स्टुलावरून उठले. कोट काढला, घडी करून स्टुलावर ठेवला. कोट काढून बोललेले मी त्यांना त्या शेडमध्ये प्रथमच पाहत होते.

"बाळ," ते म्हणाले, "पुण्यात तुला इंजिनं तपासायला बसवणार ना? तिथं रोज कुणीतरी सांगेल, लिहून टाक, चालेल. पहिलाच कागद असा लिहिलास, तर दुसऱ्याला हात अडखळणार नाही."

"हे तुम्हाला बोलायला सोपं आहे. ड्रॉइंग बोर्डवर मी बसणार आहे, तुम्ही नाही."

"समोरच्याचंही चुकलं नाही," ते हताशपणे अक्कांना म्हणाले.

मी रागाने खोलीत गेले आणि कागद पुढे ओढला. राग शांत करण्याचा मला ठाऊक असलेला उपाय म्हणजे काय माहीत आहे आणि काय नाही, याचे दोन रकाने करणे. दुसऱ्या रकान्यात एकच गोष्ट उरली: इंजिनाच्या पोटातल्या हवेचा दाब. वरून पडणाऱ्या तेलाला ढकलणारे कोणी नसते, ते केवळ वजनाने पडते. खालच्या हवेने वर थोडा जरी रेटा दिला, तरी तेल अडून राहील. हा दाब आम्ही मोजलाच नव्हता, कारण तो मोजायचे उपकरण आमच्याकडे नव्हते.

उपकरण तयार करायला तासभर पुरला. सलाईनची पारदर्शक नळी एका फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखी वळवून खिळ्यांत अडकवली, मध्ये फूटपट्टी ठोकली आणि नळीत पाणी भरले. पाणी दिसावे म्हणून अक्कांनी त्यात चिमूटभर कुंकू घातले. नळीचे एक टोक, तेल मोजायची सळई जिथे बसते त्या भोकात रबरी बुचातून घट्ट बसवले. पोटात दाब असेल, तर एका बाजूचे तांबडे पाणी खाली जाईल, दुसऱ्या बाजूचे वर. दोहोंतला फरक हा दाब.

"चालू करा," मी म्हटले.

इंजिन सुरू झाले. पाणी सरकले आणि थांबले. फरक नऊ इंच. या कामासाठी नऊ इंच म्हणजे अतोनात. बसण्णांनी शीळ घातली.

"आता वेग वाढवा."

काकांनी वाढवला. पत्रे थरथरू लागले. मी पट्टीवर डोळे रोवून बसले होते आणि जे दिसत होते ते मला पटत नव्हते. वेग दुप्पट झाला, तरी पाणी नऊवरच. क्वचित सव्वानऊ, पुन्हा नऊ. हे विचित्र होते. इंजिनाच्या पोटातली हवा एका छोट्या वाटेने बाहेर पडत असते. ती वाट कुठे अरुंद झाली असेल, तर वेग वाढताच हवा वाढेल आणि दाबही चढत जाईल. इथे हवा वाढत होती आणि दाब ढिम्म. कितीही हवा सोडली तरी एकच दाब राखणारी वस्तू कोणती? हा प्रश्न मी मनात विचारला आणि उत्तर कानांना आधी मिळाले. गुडगुड, गुडगुड.

इथे थोडे मागे जावे लागेल. काकांना वास सहन होत नसे. टर्बो बसवला त्याच पंधरवड्यात इंजिनाच्या पोटातली वाफ मोटारीत शिरू लागली आणि त्यांच्या काळ्या कोटाला तेलाचा दर्प येऊ लागला. एके दिवशी न्यायाधीश म्हणाले, "वकीलसाहेब, आज युक्तिवादात वंगण जास्त झालं आहे." कोर्ट हसले. काका घरी येऊन विचार करत बसले. त्यांचे आजोळ अळणावरचे. आजोबांची लाकडाची वखार होती आणि वखारीत आजोबांची गुडगुडी. पाण्यातून आलेला धूर निवळतो, हे त्यांनी लहानपणी पाहिले होते. त्यांनी वाफेच्या वाटेला रबरी नळी जोडली, अक्कांच्या लोणच्याच्या उंच काचेच्या बरणीत पाणी भरले, नळी तळापर्यंत सोडली आणि बरणी बॅटरीशेजारी सुतळीने बांधली. वास बराच कमी झाला. सुनावणी चालू असताना त्या बरणीतला आवाज तंबोऱ्यासारखा मागे लागून राहत असे, आणि तंबोऱ्याकडे कोणी पाहत नसते.

मी फूटपट्टी उचलून बरणीशी लावली. पाण्याच्या पृष्ठभागापासून नळीच्या तोंडापर्यंत: नऊ इंच. वाफेला बाहेर पडण्यासाठी आधी नऊ इंच पाणी रेटावे लागत होते, आणि तितकाच रेटा ती पोटात उलटा देत होती. तेल बिचारे खाली कसे उतरणार?

"काका, इंजिन चालू राहू दे," मी म्हटले आणि नळी बरणीतून उपसून काढली. तांबडे पाणी दोन्ही बाजूंना जवळजवळ समान झाले. आम्ही वाट पाहिली. मागचा निळा पडदा विरळ होत गेला. मग पलीकडचा पेरू दिसला, मग पेरूवरची घार.

बसण्णांनी बरणीकडे पाहिले, काकांकडे पाहिले आणि अत्यंत सभ्यपणे आपली टोपी सारखी केली.

काकांनी कोट उचलला, अंगात घातला, बँड नीट केले. मला म्हणाले, "इंजिनिअरबाई, स्टुलावर बसा." मी बसले. ते समोर, जिथे इतके दिवस सुटे भाग मांडले जात, तिथे जाऊन हात बांधून उभे राहिले.

"गुन्हा कबूल आहे?" मी विचारले.

"कबूल. पण शिक्षेआधी न्यायालयानं आरोपीचं चारित्र्य लक्षात घ्यावं. आरोपीचा हेतू शुद्ध होता. आरोपीला फक्त वास नको होता. आरोपीवर आजोळचे संस्कार झाले होते. शिवाय, निरपराध सीलचं वकीलपत्र आरोपीनंच घेतलं होतं, आणि ते अखेरपर्यंत—"

"स्वतःला सोडून साऱ्या गावाला तपासत बसला होता आरोपी!" अक्कांनी कप खाली ठेवले. "तू सरक गं बाजूला. शिक्षा मी सांगते. माझी बरणी आधी परत द्या."

"देतो की."

"परत देऊन काय उपयोग? तेलाचा वास जाणार आहे का तिचा? नवी बरणी आणा. उद्या. आणि एक महिना तुमचा कोट तुम्ही उन्हात टाकायचा, तुम्ही झटकायचा. आणि दोन सीलं उगीच गेली, त्यांना काय म्हणता ते म्हणा."

काका वाकले. कोपऱ्यातल्या डब्यातून जुन्या दोन कड्या शोधून काढल्या, तळहातावर घेतल्या आणि खरोखरच हलक्या आवाजात म्हणाले, "तप्प तिळकोबॅड." बसण्णांनीही कधी नव्हे ती मान खाली घातली. मग ते म्हणाले, "बहुतेक असंच असणार, मला वाटलंच होतं," आणि अक्कांनी त्यांना बिनसाखरेचा चहा दिला.

माझे काम मात्र संपले नव्हते. सोमवारी मी सरांपुढे आकडे ठेवले. ते त्यांनी दोनदा वाचले. सर कठोर होते, पण आकड्यांशी बेइमानी करणारे नव्हते.

"शेडमध्ये उभ्या गाडीचं हे," ते म्हणाले. "भार कुठाय? टर्बो काम करतो चढावर. तिथं इंजिनाच्या पोटात हवा किती तरी जास्त शिरते. तिथं धूर आला किंवा दाब दोन इंचांच्या वर गेला, तर तुझं कारण अपुरं. मग बोर्ड तयार आहे."

मी हे घरी येऊन सांगितले, तेव्हा काकांचा चेहरा उजळला. "स्थळपाहणी!" ते ओरडले. "न्यायाधीशांनी स्वतः जागेवर यायचं. कायद्यात आहे. बोलव त्यांना."

आश्चर्य म्हणजे सर आले. मार्चच्या शेवटच्या शनिवारी, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. बसण्णांनी तोवर वाफेच्या वाटेला जाड नळी बसवून तिचे तोंड गाडीच्या खाली, मागच्या बाजूला उघडे सोडले होते. सरांनी वाकून ती नळी पाहिली, काकांच्या कोटाकडे पाहिले, पायजम्याकडे पाहिले आणि मागे अक्कांच्या शेजारी जाऊन बसले. पुढे काका आणि मांडीवर फळी घेतलेली मी. पाण्याचे हेलकावे आवरण्यासाठी नळीला मी कपड्यांचा चिमटा लावला होता.

"काच खाली करू का हो?" अक्कांनी विचारले. "यांच्या गाडीत मी तोंडाला पदर लावून बसते नेहमी."

"असू दे री," सर म्हणाले. "धूर आला तर कळलाच पाहिजे मला."

अळणावरच्या रस्त्याला लागल्यावर एक लांब, सरळ चढ येतो. त्याच्या पायथ्याशी काकांनी मोटार हळू केली. त्यांनी अंगातला कोट सारखा केला.

"चला," मी म्हटले.

त्यांनी पाय दाबला. प्रथम काहीच झाले नाही. मग गोगलगाईने शीळ धरली, बारीक, चढत जाणारी, आणि पाठ मागे रेटली गेली. रस्त्याकडेची झाडे एकमेकांत मिसळली. मांडीवरचे तांबडे पाणी हलले, सरकू लागले. मी पट्टीवर वाकले. गाडीच्या हादऱ्यांनी मला खुणा दिसेनात, तेव्हा सर दोन्ही सीटांमधून पुढे आले आणि चष्मा कपाळावर चढवून माझ्या खांद्यावरून पाहू लागले.

"धूर?" त्यांनी मान न वळवता विचारले.

अक्का मागच्या काचेला नाक लावून बसल्या होत्या. "रस्ता दिसतोय की! सायकलवाला दिसतोय. मागं बसलेली पोरगी दिसतेय, तिच्या रिबिनी दिसतायत." त्यांनी पदराने काच पुसली. "तांबड्या आहेत हो!"

काकांनी पाय उचलला नाही. शीळ तशीच चढती राहिली. सरांनी पट्टीवर बोट टेकवले, पाणी स्थिर होईपर्यंत तसेच धरून ठेवले आणि कन्नडमध्ये म्हणाले, "मुक्काल्. लिही."

मी लिहिले: चढ, तिसरा गिअर, पूर्ण भार, धूर नाही, इंजिनाच्या पोटातला दाब, पाण्याचा पाऊण इंच.